गावाची सामाईक जमीन : पूर्वपीठिका व आपली जबाबदारी

ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार हा गावाच्या आयुष्यातील भाग्याचा प्रसंग होय. अशा प्रसंगी लहानथोर सर्वजण आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावतात. कोणी रोख देणगी देतो, कोणी सिमेंटची पोती, कोणी दगड, तर ज्याच्याजवळ काहीच नाही तो आठ दिवसांचे श्रम देतो. देऊळ कोणा एकाचे नसल्यामुळेच हे घडते. देवळाची पायरी ज्याची-त्याची असते आणि कोणा एकाचीही नसते.

गावात अशाच स्वरूपाची आणखी एक ठेव असते. ती म्हणजे गावाची सामाईक जमीन. गायरान, गावठाण, खळवाडी, गोठण, पाणंद, ओढ्याकाठचा परंपोक, स्मशानभूमी, बाजारतळ, यात्रेचे पटांगण, देवराई अशी तिची अनेक रूपे आहेत. देवळाच्या भिंतीला तडा गेला तर तो सर्वांना दिसतो. या जमिनीचा मात्र दरवर्षी एक-एक तास कमी होत गेला तरी तो कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तिचा इतिहास, तिच्यावर सांगितले गेलेले निरनिराळे हक्क आणि आजची आपली जबाबदारी यांचा थोडक्यात विचार या लेखात केला आहे.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात. लोकवस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. या दोहोंच्या मधे व भोवती जी मोकळी जागा असे तिच्यावर सर्व गावाचा व्यवहार चाले. सकाळी गुरे गोठणीवर जमत व गुराखी त्यांना माळावर नेई. सुगीत खळी याच जागेत होत. सरपण, शेणी, छपरासाठी गवत, भिंतीसाठी माती, औषधाचा पाला हे सर्व येथूनच येई. लमाणांचे तांडे, धनगरांच्या मेंढ्या व वाटसरू यांचा उतारा येथेच पडे. पंढरीच्या वारीत पालख्यांचे तळ व रिंगणे मोकळ्या माळावरच होतात. इंदापूर तालुक्यातील बेलवाडीचे गोल रिंगण किंवा तरडगावजवळील चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मोकळ्या जागेची किंमत वेगळी सांगावयास नको.

ज्याच्या घरी पन्नास एकर काळी जमीन आहे, त्याची गुरे बांधावर व कडब्यावर जगतात. ज्याच्याजवळ एक गुंठाही नाही, त्याच्या दोन शेळ्या मात्र गायरानावरच जगतात. सामाईक जमीन सर्वांची खरी, पण तिची गरज सर्वांना सारखी नसते. जो जितका गरीब, तितकी त्याला तिची गरज अधिक. गायरानाचा इतिहास वाचताना हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील गोष्टींचा उलगडा होतो.

गावाच्या हद्दीची राखण हीही गावकीचीच बाब होती. हद्दीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, महजर होई. अशा तंट्यात महार वतनदाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण शिवेची खडान्‌खडा माहिती त्यालाच असे. ज्या समाजाने शिवेची राखण केली, त्यालाच गावाच्या पाणवठ्यावर व देवळात मज्जाव असावा ही आपल्या इतिहासातील लाजिरवाणी विसंगती होय. तिचा उल्लेख पुढे येणारच आहे.

मोजणी आली, नंबर पडले

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांचे काम १८३५-३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून सुरू झाले. शेताला सर्व्हे नंबर पडला, हद्दीला दगड लागले, जमिनीची प्रत ठरली व तीस वर्षांसाठी आकार कायम झाला. शेतकऱ्याला आपली जमीन नकाशावर दिसू लागली. ही सोय मोठीच होती.

परंतु नकाशात जे कोणाच्याही नावावर नव्हते ते सरकारचे झाले. पूर्वी 'गावाची' म्हणून वहिवाटली जाणारी माळाची जमीन आता 'सरकारी पडीक' या सदराखाली आली. आकार भरण्यास तयार असेल त्याला पडीक नंबर लागवडीस मिळू लागले. लोकसंख्या वाढली तसतसे माळ नांगराखाली गेले आणि चराईस जागा कमी पडू लागली. म्हणून १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी व इतर सार्वजनिक कामांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. आज ज्या जमिनीला आपण कागदोपत्री 'गुरचरण' किंवा 'गायरान' म्हणतो, त्या नोंदीचे मूळ पुष्कळ ठिकाणी याच काळात सापडते.

त्याच सुमारास दुसरी एक घटना घडली. १८७८ साली जंगलाचा नवा कायदा झाला व डोंगर, दऱ्या, झाडोरा सरकारी जंगलखात्याच्या ताब्यात जाऊ लागला. रेल्वेला व जहाजांना लाकूड हवे होते. गावकऱ्याला सरपण व चारा हवा होता. दोन्ही गरजा एकाच डोंगरावर येऊन आदळल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या गोष्टीवर कडक टीका केली आहे. पूर्वी थोडक्या जमिनीचा शेतकरी आसपासच्या रानातील फळे, पाने, फुले व गायरानावर पोसलेली एखाददुसरी गाय यांच्या आधारे दिवस काढीत असे. जंगलखात्याने डोंगर व गायराने गिळल्यामुळे त्याच्या शेळीला चरावयास जागा उरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यांचे हे निरीक्षण अजून शिळे झालेले नाही.

विदर्भातील रीत थोडी वेगळी होती. तेथे गावच्या लोकांना सरपण, चारा, माती वगैरे घेण्याचे जे हक्क असत त्यांना 'निस्तार' म्हणतात व त्यांची नोंद निस्तारपत्रकात होते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव हेही गावाच्या सामाईक ठेवीचेच उदाहरण होय. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व हे तलाव सरकारकडे आले. ज्या तलावांना कोणी वाली उरला नाही ते गाळाने भरून गेले. जमीन कागदावर कोणाच्या नावे आहे एवढ्याने भागत नाही, तिची रोजची देखभाल कोण करतो हेही तितकेच महत्त्वाचे असते.

देवाच्या नावाची जमीन

सामाईक जमिनीच्या रक्षणात देवधर्माचाही मोठा वाटा आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात व कोकणात ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या देवराया आहेत. देवराईतील काडी तोडू नये, पडलेले लाकूड घरी नेऊ नये, असा दंडक असे. देवीच्या धाकाने का होईना, पण त्यामुळे गावाचा झरा जिवंत राहिला.

डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला व त्यांची सूची प्रसिद्ध केली. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची हकीकत त्यांच्या लेखनातून पुढे आली. तेथील देवराई तोडण्याचे घाटत असता गावकऱ्यांनी ती वाचविण्यासाठी त्यांचे साहाय्य मागितले, कारण गावाला पाणी देणारा ओहोळ त्याच राईतून येत होता. गावकरी केवळ श्रद्धेपोटी नव्हे, तर पाण्याचा हिशेब जाणूनही देवराई राखीत होते, हे यावरून दिसते.

देवस्थान इनाम हा दुसरा प्रकार. देवाची पूजा, दिवाबत्ती, नैवेद्य व उत्सव यांसाठी पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी व दानशूरांनी जमिनी लावून दिल्या. महसुली दप्तरात हे इनाम वर्ग ३ होय. स्वातंत्र्यानंतर इतर बहुतेक इनामे व वतने कायद्याने नष्ट झाली, देवस्थान इनाम मात्र राहिले. या जमिनीचा मालक देव आहे. पुजारी, गुरव किंवा वहिवाटदार हे केवळ व्यवस्थापक होत. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा स्पष्ट केले आहे. तसेच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून नोंदलेल्या विश्वस्त संस्थेची जमीन विकता येत नाही. देवाच्या जमिनीचे खरेदीखत हाती आले म्हणजे ती आपली झाली अशी ज्यांची समजूत असते, त्यांना ही गोष्ट पुढे महागात पडते.

'सर्वांची' म्हणजे कोणाची?

एवढा इतिहास सांगितल्यावर एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयास हवा. 'सर्वांची' असे जिला म्हणावयाचे ती जमीन, ते पाणी खरोखरच सर्वांचे होते काय?

महाड येथील चवदार तळ्याचा इतिहास याचे उत्तर देतो. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले करण्याचा बोले ठराव संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. तरीही तळ्याचे पाणी घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर तळे खाजगी आहे असा दावा विरोधकांनी कोर्टात लावला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो अमान्य केला. ज्या तळ्यावर येरवी कोणीही पाणी भरत होते, ते एका समाजाने ओंजळ भरताच 'खाजगी' ठरविण्याचा प्रयत्न झाला. सार्वजनिक मालमत्तेचा हा सर्वांत मोठा धडा होय.

जमिनीच्या बाबतीतही तसेच झाले. भूमिहीन मजुरांच्या, विशेषतः दलित समाजाच्या वाट्याला काळी जमीन क्वचितच आली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या ही त्यातील प्रमुख मागणी होती व लाखो स्त्री-पुरुष त्यासाठी तुरुंगात गेले. मराठवाड्यात अनेक भूमिहीन कुटुंबांनी माळाची गायराने दगड वेचून लागवडीस आणली. शासनाने २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची, आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. तरीही कित्येकांचे अर्ज व पुरावे वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिले.

म्हणून 'अतिक्रमण' हा शब्द उच्चारताना थोडे थांबावे. घरी विहीर, बागायत व ट्रॅक्टर असताना शेजारच्या गायरानात दरसाल दोन तास सरकविणारा एक असतो. पोटासाठी एकरभर खडकाळ माळ फोडून त्यात बाजरी पेरणारा दुसरा असतो. दप्तरात दोघांची नोंद एकाच नोंदवहीत होते. गावाच्या न्यायबुद्धीने मात्र दोघांना एका मापाने मोजू नये. अनुभव असा की, मोजणीदार आला म्हणजे दुसऱ्याची झोपडी लगेच दिसते, आणि पहिल्याच्या तारकुंपणापाशी टेप आखूड पडते.

गावाच्या वाढत्या गरजा

स्वातंत्र्यानंतर गावाच्या गरजा झपाट्याने वाढल्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गावोगावी शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या झाल्या. त्यांना जागा कोठून मिळणार? बहुतेक ठिकाणी गायरानातूनच. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांना काम मिळाले. त्या वेळचे पाझर तलाव, रस्ते, बांध यांपैकी पुष्कळ कामे सरकारी व सामाईक जमिनीवर झाली. ती कामे गावाच्या उपयोगी पडली हे कोणी नाकारणार नाही.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये अशा जमिनी मोफत चराई, वैरण, स्मशान, गावठाण, खळवाडी, बाजार, रस्ते इत्यादी कामांसाठी नेमून देण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहेत. नेमून दिलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामासाठी त्यांच्या मंजुरीवाचून ती वापरता येत नाही. कलम २३ प्रमाणे मोफत चराईचा हक्क त्या-त्या गावच्या गुरांपुरता आहे. कलम ५० अतिक्रमण दूर करण्यासंबंधी आहे. पुढील काळात संहितेत कलम २२-अ घालून गायरान दुसऱ्या कामास वळविण्यावर अधिक बंधने आणण्यात आली.

आज मागण्या आणखी वाढल्या आहेत. घरकुलास जागा हवी, क्रीडांगण हवे, कचऱ्याचा डेपो हवा, मोबाईलचा मनोरा हवा, औद्योगिक वसाहत हवी. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० खाली शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी, त्यांत गायरानेही, देण्यात येत आहेत. काही गावांनी त्यास आनंदाने होकार दिला, तर काही गावांनी आमची गुरे कोठे चरावयाची म्हणून विरोध केला. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी हे खरे आणि मेंढपाळाला माळ हवा हेही खरे. यांतील एकही मागणी खोटी नाही. अडचण खऱ्या-खोट्याची असती तर निवाडा सोपा होता. येथे दोन्ही बाजूंना गरजच उभी आहे.

सामाईक जमिनीचे तंटे मिटविणे म्हणूनच कठीण जाते. एक गट नंबर, चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि त्यावर पाच अर्ज. अर्ज देणाऱ्या पाचांत चार शिकलेले, कचेरीत येण्याजाण्याची सवय असलेले असतात. ज्या म्हातारीच्या शेळ्या त्या नंबरात चरतात तिचा अर्ज मात्र कधीच येत नाही. तिला तो करता येत नाही, किंबहुना करावयाचा असतो हेही ठाऊक नसते. अर्ज आला नाही म्हणून तिची गरज नाही, असा निष्कर्ष काढणे हा अन्याय होय.

न्यायालयांचे निर्णय

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर गावच्या तळ्यात भराव घालून काहींनी घरे बांधली होती. ती हटविण्याचा निर्णय कायम करून न्यायालयाने सर्व राज्यांना गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यासाठी योजना आखण्यास सांगितले. त्याच वेळी भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाने दिलेल्या जमिनी, तसेच शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी यांच्या बाबतीत अपवाद ठेवला. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हा विषय पुन्हा आला. राज्यातील गायरानांवर दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याची माहिती तेव्हा पुढे आली व ती वर्षअखेरीस काढण्याचे आदेश झाले. गावोगावी नोटिसा निघाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब कुटुंबांत घबराट पसरली. गावाने वेळच्या वेळी आपला निवाडा केला नाही, म्हणजे पुढे तो असा एका फटक्यात वरून येतो व त्यात ओल्याबरोबर सुकेही जळते.

देवळांसंबंधीही एक निर्णय येथे सांगणे आवश्यक आहे. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर नव्याने कोणतेही मंदिर, मशीद, चर्च वा गुरुद्वारा बांधण्यास मनाई केली. जीर्णोद्धाराच्या उत्साहात मूळ जागा सोडून चार बाजूंनी हात पसरण्याचा मोह होतो. भक्तनिवास, कमान, गाळे, वाहनतळ अशी यादी वाढत जाते. देवाच्या कामाला कोण नाही म्हणणार, अशा भावनेने सर्वजण गप्प बसतात. परंतु ज्या पाणंदीने शेवटचा शेतकरी शेतात जातो ती अडवून बांधलेली कमान देवालाही आवडणार नाही. देवाचे नाव घेऊन राई राखली जाते तसेच देवाचे नाव घेऊन गायरानही खाल्ले जाते. पहिली परंपरा पूर्वजांची आहे. दुसरी सुरू होऊ न देणे आपल्या हाती आहे.

ज्या गावांनी वाट दाखविली

आपल्या राज्यातच काही गावांनी सामाईक जमिनीचा प्रश्न सोडवून दाखविला आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथील कामाचा प्रारंभ देवळापासून झाला, ही बाब या स्मरणिकेच्या वाचकांस विशेष भावेल. अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून गावी परतले व त्यांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून संत यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार हाती घेतला. ते देऊळ गावाच्या बैठकीचे ठिकाण झाले. त्यातून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री आकारास आली. माळावर चर खोदले, झाडे लागली, पाणी मुरले.

हिवरे बाजार येथे १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. तेथेही उजाड डोंगरावर चराईबंदी झाली. मात्र गवत कापून नेण्यास मुभा राहिली. गुरे माळावर सोडण्याऐवजी गवत विळ्याने कापून गोठ्यात न्यावयाचे, एवढ्या एका बदलाने डोंगर हिरवा झाला व दूध वाढले. या कामाबद्दल श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बंदी घालताना गरिबाचा चारा तुटणार नाही याची सोय लावली, तरच बंदी टिकते, हा येथील धडा होय.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने तर इतिहास घडविला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे. सर्वांचे एकमत होईपर्यंत बसावयाचे. यात वेळ जातो, परंतु एकदा ठरले म्हणजे मोडणारा कोणी उरत नाही.

ही तिन्ही गावे वेगवेगळ्या स्थितीतील आहेत. परंतु तिन्ही ठिकाणी सामाईक जमिनीचा विचार उघड्यावर, सर्वांच्या देखत झाला.

आपणांस काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गावची सामाईक जमीन किती व कोठे आहे हे माहीत करून घेणे. तलाठी दप्तरात गाव नमुना १ व त्याचे पोटनमुने असतात. नमुना १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनीची व १-इ मध्ये अतिक्रमणाची नोंद असते. नमुना ३ मध्ये दुमाला म्हणजे इनाम जमिनी असतात. गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. ही माहिती गुप्त नाही. तरुणांनी ती काढून चावडीवर फलक लावून लिहिली तर निम्मे तंटे तेथेच मिटतील.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजणी. हद्दीचे दगड हरवले असतील तर रीतसर मोजणीचा अर्ज करून ते पुन्हा बसवून घ्यावेत. देवळासाठी वर्गणी जमविणाऱ्या गावाला मोजणीची फी जमविणे जड नाही.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्रामसभा. कोणत्याही सामाईक जमिनीचा वापर बदलावयाचा असेल तर प्रश्न प्रथम ग्रामसभेत यावा. त्या दिवशी ज्यांचा सातबारा कोराच आहे त्यांना, मेंढपाळांना, सरपण आणणाऱ्या बायांना आवर्जून बोलवावे व त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. शाळेसाठी जागा गेली तर चारा कोठून येणार हे त्याच ठरावात लिहावे. ज्या भूमिहीनाचा हक्क शासनाने मान्य केला आहे त्याचे कागद पुरे करण्यास गावाने मदत करावी. आणि धनिकाचे तारकुंपण मागे घ्यावयाचे असेल तर ते काम गावातील वजनदार माणसांनी स्वतःच्या कुंपणापासून सुरू करावे. असे झाल्यास इतरांना सांगावे लागणार नाही.

देणगीदार बंधु-भगिनींनाही एक नम्र सूचना. आपल्यापैकी अनेकजण पोटासाठी मुंबई-पुण्यास गेले, परंतु यात्रेला न चुकता येतात. देवळासाठी आपण सढळ हाताने दिले. उरलेल्या उत्साहातून माळावर चार चर व शंभर झाडे, गुरांसाठी एक हौद किंवा स्मशानभूमीस एक कुंपण झाले, तर तीही देवाचीच सेवा होईल. फक्त झाडे लावताना शेळ्या कोठे जातील हे गुराख्यास विचारावे.

वाडवडिलांनी आपल्या हाती दोन गोष्टी दिल्या, एक देऊळ आणि दुसरी मोकळी जमीन. देऊळ पडले तर पुन्हा बांधता येते, हे गावाने आज सिद्ध करून दाखविले आहे. गेलेले गायरान मात्र वर्गणी काढून परत येत नाही. ज्या एकजुटीने कळस चढविला त्याच एकजुटीने गावाची शीवही राखली जावो, आणि यात्रेच्या दिवशी ग्रामदैवताच्या पालखीस व गावच्या शेवटच्या शेळीस दोघांनाही फिरावयास मोकळी जागा उरो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.